क्रेफिश आणि लॉबस्टर

क्रेफिश आणि लॉबस्टर : कवचधारी उपसंघातील दशपाद गणाचे प्राणी. क्रेफिश गोड्या पाण्यात राहतो, लॉबस्टर समुद्रात. मराठवाड्यातच काय, भारतातही क्रेफिशची मूळ जाती आढळत नाही. पैठणच्या नाथसागरात किंवा गोदावरीच्या डोहांत जाळ्यात येतो तो मॅक्रोब्रॅकियम प्रजातीचा झिंगा. त्याचे नाते कोळंबीशी आहे. हातात घेऊन पाहिल्यास फरक लगेच कळतो. झिंग्याच्या पायांची दुसरी जोडी लांब व चिमटेदार असते, तर क्रेफिशच्या पहिल्याच जोडीला जाड नांग्या असतात. शिवाय झिंग्याच्या उदराच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी पुढच्या व मागच्या दोन्ही खंडांवर चढलेली असते.

लॉबस्टर हा एकजिनसी गट नाही. अटलांटिकमधील होमारस प्रजातीला नांग्या असतात आणि तीच क्रेफिशच्या जवळची आहे. कोकण किनाऱ्यावरील शेवंड नांगीविहीन असून लांब, काटेरी शृंगिकांवरून (डोक्यावरील स्पर्शिकांवरून) ओळखू येते. तिचे क्रेफिशशी नाते दूरचे आहे.

क्रेफिशच्या उगमाबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८८० मध्ये उत्तर व दक्षिण गोलार्धातील क्रेफिशांमधले भेद तपशीलवार मांडले. उत्तरेकडील नरांमध्ये उदरपादांची (उदराखालील लहान पायांची) पहिली जोडी प्रजननासाठी बदललेली असते. दक्षिणेकडील कुळात ती जोडीच नसते. यावरून दोन्ही गट समुद्रातून स्वतंत्रपणे गोड्या पाण्यात आले, असे अनेकांचे मत होते. एकाच उगमाच्या बाजूचा पुरावा मात्र अधिक वजनदार वाटतो. दोन्ही गटांत वक्षाचा शेवटचा खंड सुटा असतो. भ्रूणात शरीरखंड घडवणाऱ्या बाह्य पेशींचे वलय सुमारे ४० पेशींचे असते. लॉबस्टरमध्ये त्या १९ असतात. डीएनएवरील अभ्यासही याच बाजूने आहेत. तसे असल्यास हा उगम सर्व भूखंड एकत्र असलेला पॅन्जिया हा महाखंड फुटण्यापूर्वीचा, बहुधा ट्रायासिक काळातला (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा), ठरतो. मग मादागास्कर व ऑस्ट्रेलियात क्रेफिश असताना, एकेकाळी त्यांना जोडलेल्या भारतात तो का नाही? गोड्या पाण्यातील खेकड्यांशी झालेली स्पर्धा हे कारण सुचवले जाते. पण मादागास्करमध्ये दोन्ही आहेत, त्यामुळे ते पुरेसे वाटत नाही.

लॉबस्टरच्या रक्ताची तीव्रता समुद्राच्या पाण्याइतकीच असते. क्रेफिशचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा बरेच खारट असल्याने पाणी सतत शरीरात शिरते. लांब नलिका असलेली शृंगिका-ग्रंथी ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकते, आणि कल्ले पाण्यातून क्षार शोषून घेतात. गोड्या पाण्यातील अशा प्राण्यांच्या शरीरक्रियेवर औरंगाबादच्या तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम व सहकाऱ्यांनी संशोधन केले. त्यांचे प्राणी अर्थातच खेकडे व झिंगे होते.

होमारसच्या अळ्या तीन अवस्थांत समुद्रात तरंगतात, शेवंडीच्या पानासारख्या चपट्या अळ्या तर कित्येक महिने. क्रेफिशची पिल्ले अळी-अवस्थेविना जन्मतात व काही काळ आईच्या उदरपादांना चिकटून राहतात. संगमरवरी क्रेफिशच्या मादीला प्रजननासाठी नरही लागत नाही. म्हणून मत्स्यालयातील क्रेफिश तळ्यात किंवा विहिरीत सोडणे स्थानिक जलचरांसाठी धोक्याचे आहे.