पलंग भाड्याने नेण्याआधी हे वाचा

कॅन्सरच्या उपचारांतला आणि उपचारांनंतरचा थकवा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकला आमच्याकडे पेशंटसाठी लागणारं सामान भाड्याने मिळतं. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, आंघोळीचं स्टूल. केमो किंवा रेडिएशन सुरू झालं की काही आठवड्यांत घरातलं कुणीतरी येतं आणि म्हणतं, "आई दिवसभर पडूनच असते, तिला उठवतच नाही. पलंग द्या." पलंग देणं हा आमचा धंदा आहे, तरी आम्ही आधी चार प्रश्न विचारतो. कारण पुष्कळ घरांत त्याची गरज नसते, आणि एकदा पलंग आला की माणूस त्यावरून उठायचाच बंद होतो.

शेतातून किंवा कंपनीतून दमून आलेला माणूस रात्री गाढ झोपला की सकाळी ताजा होतो. हा थकवा तसा झोपेने जात नाही. काही काम न करताही येतो. वेणी घालायला हात वर केले तरी मध्येच थांबावं लागतं. केमोमध्ये साधारणपणे डोसनंतरचे काही दिवस फार जड जातात, मग पुढच्या डोसपर्यंत जरा बरं वाटतं. रेडिएशनचं वेगळं आहे. सुरुवातीला फारसं जाणवत नाही, थकवा दिवसेंदिवस साठत जातो आणि शेवटच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त होतो. उपचार संपले की तोही त्याच दिवशी संपत नाही. काहींना काही आठवडे, काहींना महिने आणि काहींना त्याहूनही जास्त काळ जाणवतो.

एकदा काउंटरसमोर एक मुलगा आईला म्हणाला, "रिपोर्ट चांगला आलाय ना, मग आता जरा उठून कामाला लाग." आई काही बोलली नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभी राहिली. तिला आम्ही आधी खुर्ची दिली, मग मुलाशी बोललो. त्याला आईची काळजीच होती, फक्त हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

थकवा मोजा आणि डॉक्टरांना सांगा

"अशक्तपणा वाटतो" एवढ्यावर डॉक्टरांना फार काही कळत नाही. दुधाचा हिशेब लिहिता तशाच कॅलेंडरच्या चौकोनात रोज संध्याकाळी एक आकडा लिहा. 0 म्हणजे थकवा नाही, 10 म्हणजे याहून जास्त थकवा असूच शकत नाही. आकडा 4 किंवा त्याच्या वर राहू लागला तर पुढच्या भेटीत कॅलेंडरचं पान सोबत न्या. थकव्यामागे बरं करता येण्यासारखी कारणं असू शकतात : कमी हिमोग्लोबिन, थायरॉईड, दुखणं, उडालेली झोप, खाणं-पाणी कमी पडणं, उदासी, एखादं औषध. केमोसोबतच्या स्टिरॉइडनेही झोप उडते. ते सकाळी घेतलं तर चालेल का, हे विचारा.

बीट आणि डाळिंब खायला हरकत नाही. पण केमोमुळे अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या भागाचं, काम मंदावून रक्त कमी झालं असेल, तर ते नुसत्या बीटाने भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या, अश्वगंधा किंवा "ताकदीची" पावडर डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. अश्वगंधेमुळे लिव्हरला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, थायरॉईडवरही तिचा परिणाम होऊ शकतो.

केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, रक्तस्राव झाला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा अंथरुणातून उठणंच बंद झालं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटलला फोन करा.

थोडं चालणं

ऐकायला उलटं वाटेल, पण या थकव्यावर ज्या उपायाला सर्वांत भक्कम आधार आहे तो म्हणजे झेपेल एवढी हालचाल. सौम्य योगासनांचाही उपयोग होतो. सुरुवात गॅलरीपासून दारापर्यंत, पाच मिनिटं. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक कुठे पळून जात नाही, तिथे पुढच्या महिन्यात गेलात तरी चालेल. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत गर्दी टाळा. प्लेटलेट कमी असतील, हाडांत आजार असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या. दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा, नाहीतर रात्र जागून काढावी लागते.

ताकद कुठे खर्च करायची

हातात मोजकेच पैसे असले की आधी वाणसामान घेतो. ताकदीचंही तसंच ठरवा. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार व्हीलचेअर न्यायला आले होते. बोलता बोलता कळलं, त्यांना फक्त ऑक्टोबरच्या छाटणीवर नजर ठेवायची होती. आम्ही म्हटलं, घरातलीच प्लास्टिकची खुर्ची बांधावर नेऊन ठेवा. व्हीलचेअर न घेताच ते परत गेले.

आंघोळीत किती ताकद जाते, ते निरोगी माणसाच्या लक्षात येत नाही. पाटावर खाली बसणं, वाकून तांब्या भरणं, पुन्हा उठणं आणि मग अंग पुसणं. गुडघ्याएवढ्या उंचीचं, पायांना रबर असलेलं स्टूल घ्या. बादली दुसऱ्या स्टुलावर, हाताच्या उंचीवर ठेवा. अंग पुसत बसण्यापेक्षा जाड सुती गाऊन किंवा मोठा पंचा अंगावर घेऊन पाच मिनिटं बसून राहा, पाणी आपोआप टिपलं जातं. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं बसून करा. कणीक दुसऱ्या कुणाला मळू द्या.

पाहुण्यांनीही माणूस थकतो. फोन घ्यायला घरातला एकच जण नेमा आणि "चार ते पाचमध्ये या" असं स्पष्ट सांगा. लोक रागावत नाहीत. कुणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं, तर नेमकं काम सांगा : मंगळवारचा डबा, मुलांची शाळेची ने-आण. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी परत रुजू होताना काही महिने रात्रपाळी नको, असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

मदत कुठे मिळते

शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासणीसाठी पंचवटी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी हॉस्पिटलकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्यावा. पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला खुर्चीच्या डब्यात 75 टक्के सवलत मिळते. एसटीतही सवलत आहे.

रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. हा नंबर पेशंटइतकाच सेवा करणाऱ्यांसाठीही आहे. आमच्याकडे सामान न्यायला येणाऱ्या सुना, मुली आणि नवरे बघतो, तेव्हा कित्येकदा पेशंटपेक्षा त्यांचेच डोळे जास्त ओढलेले दिसतात.

स्टूल न्यायला येताना बाथरूमचा आणि फरशीचा फोटो मोबाइलवर काढून आणा. त्यावरून स्टुलाच्या पायांची उंची ठरवता येते. यायला कुणी नसेल तर पावतीवरच्या नंबरवर फोन करा, आमचा माणूस घरी येऊन स्टूल बसवून देईल. आणि पलंग लागलाच, तर आधी पंधरा दिवसांसाठीच न्या.