नाक कशावरून ठरवलं?

पंचवटीत आमच्या मागच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे, तिथले मूर्तिकार काका अधूनमधून चहाला येतात. परवा आले तेव्हा मी टीव्हीवर निअँडरथल माणसांवरची (आपल्या नात्यातली, आता नामशेष झालेली माणसाची जात) डॉक्युमेंटरी बघत होते, नेटफ्लिक्सवर 2024 ला आलेली, सीक्रेट्स ऑफ द निअँडरथल्स नावाची, आणि नेमका तो भाग चालू होता ज्यात एका बाईचा चेहरा हळूहळू तयार होतो. काका कप हातात धरून उभेच राहिले. तिची कवटी इराकी कुर्दिस्तानातल्या शनिदर गुहेत सापडली, 75 हजार वर्षांपूर्वीची, मातीच्या आणि दगडांच्या वजनाखाली चेपून जेमतेम 2 सेंटीमीटर जाड उरलेली, 200 पेक्षा जास्त तुकडे झालेले, ते एकेक करून जोडले, मग केनिस नावाच्या दोन डच जुळ्या भावांनी त्यावर स्नायू आणि कातडी चढवली. चेहरा पूर्ण झाला तसे काका म्हणाले, "हात भारी आहे गड्यांचा. पण अगं, नाक कशावरून ठरवलं?"

मी इतकी वर्षं असल्या डॉक्युमेंटरी बघते, पण हा प्रश्न मला एवढा सरळ कधी पडला नव्हता.

तर नाकाचं असं आहे की कवटीला नाकाचं भोक असतं, वर दोन छोटी हाडं असतात, त्यावरून नाक किती रुंद आणि साधारण किती पुढे आलेलं हे कळतं. निअँडरथलांचं भोक मोठं असायचं, म्हणजे नाक मोठं हे पक्कं. पण शेंडा कूर्चेचा, तो कुजून जातो. कान कूर्चेचे, ओठ मांसाचे, भुवया केसांच्या, यातलं काहीच हजारो वर्षं टिकत नाही. आज बेवारस कवटीवरून चेहरा तयार करायचा असेल तर जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर कुठे किती मांस असतं याची मोजलेली कोष्टकं तरी असतात, निअँडरथलांची तसली कोष्टकं कुठून आणणार, मग आपलीच वापरायची. आणि ती बाई जे शांतपणे बघते ना कॅमेऱ्याकडे, डोळ्यांत ते पाणी वगैरे, ते सगळं त्या दोन भावांचं. काका म्हणाले, "डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, ते आमचं काम असतं, मातीचं नसतं."

ही अंदाजाची जागा किती महागात पडू शकते त्याचं एक जुनं उदाहरण आहे. 1908 मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सें इथे एका निअँडरथल पुरुषाचा बराचसा सांगाडा मिळाला. मार्सेलां बूल या मोठ्या शास्त्रज्ञाने तो अभ्यासला आणि वाकलेल्या पाठीचा, गुडघ्यात मोडलेला, मान पुढे काढून चालणारा प्राणी उभा केला. तेच चित्र पुस्तकांत गेलं, सिनेमांत गेलं, आजही कुणाला रानटी म्हणायचं असेल तर आपल्या डोळ्यासमोर तोच येतो. 1957 मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह या दोघांनी ती हाडं परत तपासली तेव्हा कळलं की या माणसाला जबरदस्त संधिवात होता. एका आजारी म्हाताऱ्याच्या दुखऱ्या मणक्यांवरून आपण अख्ख्या जातीची चाल ठरवून बसलो होतो! मला याचं खरंच वाईट वाटतं, त्यात उलटी गोष्ट अशी की त्याचे बरेच दात आधीच पडलेले होते, तरी तो जगला, म्हणजे बहुतेक आजूबाजूचे त्याला सांभाळत असणार (हाही अंदाजच, पण निदान हाडाला धरून आहे).

म्हणून आता मी बघताना मनात एक रेघ ओढते, हाड कुठे संपलं आणि हात कुठे सुरू झाला. लूसी घ्या, माणसाच्या फार जुन्या नातलगांपैकी एक, 1974 ला इथिओपियात हदारला सापडली, 32 लाख वर्षांपूर्वीची, सांगाड्याचा साधारण 40 टक्के भाग मिळाला. ती दोन पायांवर चालायची हे कंबरेच्या आणि गुडघ्याच्या हाडात दिसतं, त्यात शंका नाही, पण कवटीचे मोजकेच तुकडे आणि खालचा जबडा हाती आला, त्यामुळे पडद्यावरचा तिचा चेहरा तिच्या जातीच्या दुसऱ्या कवट्यांवरून घेतलेला असतो. टांझानियात लायटोलीला तर चाल कळायला हाडाची गरजच नाही, 36 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली पावलंच आहेत, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत, टाच आधी टेकलेली, अगदी आपण रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवरून गेल्यावर उमटतात तशी. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यावरून जोडपं उभं केलंय, त्याने तिच्या खांद्यावर हात टाकलाय. पावलं खरी, हात मनातला.

आणि वय ठरवायची खरी चावी ही राखच आहे. राखेतल्या खनिजांत पोटॅशियम असतं, त्यातला एक प्रकार फार सावकाश मोडत राहतो, 125 कोटी वर्षांत निम्मा, त्यातल्या काही भागाचा अर्गॉन वायू होतो, तो वायू मोजला की राख कधी पडली ते कळतं, मग वरच्या आणि खालच्या राखेच्या मधल्या हाडांचं वय आपोआप दोन तारखांच्या मध्ये सापडतं. पूर्व आफ्रिकेत असे थर एकावर एक पडलेत, म्हणून कॅमेरे सारखे तिकडे जातात. आपल्याकडचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, माणसाची तारीख सांगायला फारच म्हातारा. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला राखेचा थर आहे, पण ती नक्की कुठल्या स्फोटाची यावरच अभ्यासकांचं वर्षानुवर्षं जमलेलं नाही.

पण म्हणून आपल्याकडे काही नाही असं अजिबात समजू नका. आपल्या गोदावरीवर, नाशिकपासून जरा वर, गंगापूरजवळ गंगावाडीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, हातकुऱ्हाडी (मुठीत धरायचे, दोन्ही बाजूंनी घडवलेले दगड), क्लीव्हर (रुंद धारेचे दगड), छिलके (घाव घालून काढलेल्या कपच्या), त्यांनी 1952 मध्ये गोदावरीच्या हत्यारांवर वेगळं पुस्तकच काढलं. खाली नांदूरमधमेश्वरला, जिथे आपण थंडीत पक्षी बघायला जातो, तिथल्या गाळात सरळ सुळ्यांच्या प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले, पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने 1905 मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे आपल्या नदीचा गाळ हाडं सांभाळू शकतो. नर्मदेने तर दाखवूनच दिलं, 5 डिसेंबर 1982 ला मध्य प्रदेशातल्या हथनोऱ्याला भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना प्राचीन माणसाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला, आधी त्याला होमो इरेक्टस (माणसाची एक जुनी जात) म्हटलं, नंतर बऱ्याच जणांनी आपल्या जास्त जवळचा ठरवला. गोदावरीकाठी हत्यारं करणाऱ्याचं मात्र एक हाडही अजून हातात नाही, आणि टीव्हीला चेहरा लागतो, त्यामुळे गंगावाडी कुठल्या मोठ्या डॉक्युमेंटरीत मला तरी दिसलेली नाही.

हे सगळं काकांना सांगितलं, मोबाईलवर हातकुऱ्हाडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला, एकेका छिलक्याच्या खुणेवर बोट फिरवत, कुठला घाव आधी, कुठला नंतर ते पुटपुटत होते. मग म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या आणल्यात बघ. पहिला घाव घालायच्या आधीच शेवट डोळ्यासमोर होता याच्या." सीझन संपला की शाडूत हा माणूस करतो म्हणाले. मी म्हटलं, काका, चेहरा नाहीये आपल्याकडे. "मग नुसता हात करतो, दगड धरलेला." म्हटलं, हाताचंही हाड नाही. जरा वेळ गप्प बसले, चहा संपवला, आणि म्हणाले, "मग दगडच करतो. घाव सगळे मोजून."