वजनाच्या ऑपरेशननंतर: पाणी, उलट्या, केस आणि शेव

वजन कमी करायच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, आणि तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली मावतं. दुसरा प्रकार बायपासचा: त्यात जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट आतड्याला जोडतात. ही पिशवी याहून लहान, साधारण ३० मिलीची असते. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, चार-पाच बारीक छेद असतात, दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या घरी भेटायला आलेले लोक छेद बघतात आणि म्हणतात, एवढंच? आठवड्यात हिंडायला-फिरायला लागाल. हिंडता-फिरता येतंच. पण ज्या गोष्टींनी रुग्ण घाबरतात किंवा खरोखर अडचणीत येतात, त्यातल्या बहुतेकांचा त्या छेदांशी संबंध नसतो. जठर अन्न साठवतं, तसंच ते भुकेची संप्रेरकं तयार करतं, बी-१२ शोषायला लागणारा घटक देतं आणि आतड्यात किती अन्न केव्हा सोडायचं हे ठरवतं. ही सगळी कामं एका दिवसात बदललेली असतात.

पहिल्या चार दिवसांतलं आश्चर्य म्हणजे खांदा दुखणं. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू श्वासपटलाखाली चिडचिड करतो, आणि तिथली नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यावर जाणवतं. चालल्याने ते कमी होतं. मात्र डाव्या खांद्याचं दुखणं वाढत असेल, सोबत ताप असेल आणि बसल्या जागी नाडी १२०च्या वर असेल, तर ते वायूचं समजून घरी थांबू नये. जठराच्या शिवणीतून गळती होत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याच रात्री ऑपरेशन केलेल्या टीमला दाखवावं लागतं.

त्यानंतरची सर्वांत मोठी अडचण साध्या पाण्याची असते. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवं, पण घटाघट पिता येत नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर अर्धा तास पाणी टाळायचं असतं, आणि कित्येकांना नुसतं पाणी जड लागतं. हिशेब असा: सकाळी ७ ते रात्री ९ दर पाव तासाला ३० मिली घेतलं, तर ५६ वेळांत १,६८० मिली होतं. जेवणांच्या वेळा वजा केल्या की दोन घोटांमधलं अंतर दहा मिनिटांवर आणावं लागतं. म्हणून औषधाचं मापाचं झाकण आणि मोबाइलचा गजर हे पहिल्या महिन्याचं खरं सामान. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पातळ ताक, शहाळ्याचं पाणी, साखर न घातलेलं लिंबूपाणी कामाला येतं. सराफ्यातली घट्ट, दुधाची, गोड शिकंजी मात्र नाही, सोडाही नाही. लघवी गडद पिवळी झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली की पाणी कमी पडतंय. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, जुन्याच डोसने चालू असतील तर ही चक्कर दुपटीने येते. मधुमेहाचंही तसंच. वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच साखर खाली येते, कारण आतड्यातली संप्रेरकं बदलतात. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन पूर्वीच्याच प्रमाणात घेत राहिलात तर साखर धोकादायक इतकी उतरू शकते.

आता उलट्या. याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: ‘ऑपरेशननंतर होतंच असं.’ घास मोठा घेतला, भराभर खाल्लं, पोळी किंवा पाव नीट चावला नाही, तर अन्न नळीच्या तोंडाशी अडतं, तोंडात पांढरा फेस येतो आणि ते बाहेर पडतं. हे एखाद्या वेळी होणं समजण्यासारखं आहे. पण रोज उलटी होत असेल, पाणीही टिकत नसेल, तर ते ‘होतंच असं’मध्ये मोडत नाही. शरीरात बी-१ म्हणजे थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की मेंदूच्या आतल्या भागांवर परिणाम होतो: एकाची दोन दिसणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, पावलांना मुंग्या. याला वर्निकी म्हणतात. ती ओळखायला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

पुढची गोष्ट इतकी लहान आहे की निसटते. रात्री कॅज्युअल्टीत थकलेला, उलट्या होणारा रुग्ण आला की हात आपोआप ग्लुकोजच्या सलाइनकडे जातो. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिनच लागतं. साठा आधीच रिकामा असेल, तर उरलंसुरलं थायमिन त्यात खर्च होतं आणि रुग्ण काही तासांत बिघडतो. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर द्यायचं असतं. पाकिटात एक कार्ड ठेवा: ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा नंबर, आणि ठळक अक्षरांत ‘उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन’. दुसरी ओळ वेदनाशामकांची. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायचं, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू आणि सिगारेटनेही तोच अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा अचानक थांबतो आणि लोक खचतात. शरीरातल्या साठवणीच्या साखरेबरोबर, ग्लायकोजेनबरोबर, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पहिल्या दिवसांत ते सगळं निघून जातं म्हणून वजन धडाधड उतरतं. खाणं थोडं वाढलं की साठा आणि पाणी अंशतः परत भरतं. चरबी उतरत असतेच, काट्यावर दिसत नाही एवढंच. रोज वजन करू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. सकाळी उशीवर, आंघोळीच्या जाळीवर, कंगव्यात पुंजके. ऑपरेशनच्या ताणाने आणि कमी खाण्याने बरीच केसमुळं एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी ते केस सुटतात. मूळ जिवंत असतं, त्यामुळे बहुतेकांचे केस परत येतात. बायोटिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. बायोटिनची कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग फारसा नाही, आणि मोठ्या डोसने थायरॉइडसारख्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात. गरज असते ती प्रथिनांची: दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून ५-६ ग्रॅमच मिळतात, एका अंड्यातून ६, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे १८. शाकाहारी घरात हा हिशेब जेवणाने पुरा होत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने प्रोटीन पावडर लागते. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात. चतुर्थी-एकादशीचं निर्जळ व्रत पहिल्या वर्षात टाळावंच. साबुदाण्याच्या खिचडीचं ताट हा तर जवळजवळ निव्वळ पिष्टाचा (स्टार्चचा) आणि तेलाचा उपवास. केसगळती एका वर्षानंतर सुरू झाली किंवा सहा महिन्यांतही थांबली नाही, तर फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि झिंक तपासा.

खाण्यात आणखी दोन गोष्टी अनपेक्षित असतात. पहिली जिलबी. जठराचं खालचं दार बायपासमध्ये वगळलेलं असतं, त्यामुळे साखर एकदम आतड्यात उतरते, आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्येही होतं, पण कमी. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखरेच्या लाटेला उत्तर म्हणून इन्शुलिन जास्त सुटतं, साखर खाली जाते, हात थरथरतात. त्या क्षणी थोडं ग्लुकोज घ्यावंच लागतं, पण त्यामागून दाणे किंवा पनीर घेतलं नाही तर तोच झोका पुन्हा सुरू होतो. गरोदरपणातली ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणीही याच कारणाने त्रासाची ठरते. डॉक्टरांना आधी सांगितलं तर ती टाळून घरच्या घरी ग्लुकोमीटरने आठवडाभर साखर बघता येते. गर्भधारणा मात्र १२ ते १८ महिने लांबवायची. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसाही ठेवता येत नाही. कॉपर-टी अधिक खात्रीची.

दुसरी गोष्ट शेव. पोह्यांवर, साबुदाण्यावर, भाजीत, नुसती वाटीतून. इंदुरात ती सगळीकडे असते. पोळीचा कोरडा घास अडतो, शेव अडत नाही. तोंडात विरघळते, नळीतून सरकते, पोट भरल्याची खूण देत नाही, आणि शंभर ग्रॅम शेवेतून ५०० किलोकॅलरींहून जास्त जातात. चिवडा, आइसक्रीम, चॉकलेट यांचंही असंच. दोन वर्षांनी वजन परत चढतं तेव्हा मोठी जेवणं क्वचितच दोषी असतात. हे सरकणारे पदार्थ असतात. पोट भरल्याची खूणही पूर्वीची राहत नाही. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, नाक वाहतं, छातीच्या हाडाखाली दाब जाणवतो. त्या क्षणी थांबायचं असतं, पंगतीत ‘एक घास तरी घ्या’ म्हणणाऱ्यांनीही.

दारूबाबत थोडक्यात: बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, पूर्वीच्या अंदाजावर गाडी चालवणं धोक्याचं. पहिल्या वर्षात पित्ताचे खडेही होतात, कारण भराभर वजन उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. म्हणून बरेच सर्जन सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. त्या मध्येच बंद करू नयेत.

गोळ्यांत गफलत होते ती कॅल्शियम आणि लोहाच्या वेळेत. दोन्ही एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम सायट्रेट निवडा, कारण कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं. आणि बी-१२. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी अहवाल चांगला येतो आणि गोळ्या सुटतात. शाकाहारी माणसात तो साठा मुळातच कमी असतो. पायांना मुंग्या, जिभेची जळजळ, विसरभोळेपणा सुरू झाल्यावर नसांचं झालेलं नुकसान प्रत्येक वेळी पूर्ण भरून येत नाही. नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसा बिघडत राहतात. ३, ६, १२ महिन्यांनी, आणि मग दरवर्षी, आयुष्यभर: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, अल्ब्युमिन. उलट्या होत असतील तर यात थायमिनही, पण अहवाल यायची वाट न बघता इंजेक्शन आधी.