पपायरस खरा, मजकूर खोटा: एका विसरलेल्या 'म'ची गोष्ट

आमच्या आजोबांची हिशोबाची वही घरात अजून आहे. त्यात 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असं सगळं अनुस्वारांसकट लिहिलंय. उच्चार न होणारे हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढून टाकले, त्यामुळे वहीवर तारखा नसत्या तर कुणीही जाणकार म्हणाला असता की ही १९६२ च्या आधीची, आणि साफ चुकला असता, कारण आतल्या नोंदी १९८४ च्या आहेत. आजोबा शाळेत जे शिकले तेच शेवटपर्यंत लिहीत राहिले, नियम बदलला म्हणून हात थोडाच बदलतो.

आता हीच अडचण १८०० वर्षं मागे न्या. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत पपायरसचा, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या जुन्या काळच्या कागदाचा, एक तुकडा आहे, क्रेडिट कार्डाएवढा म्हणा, जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानाच्या (शुभवर्तमान म्हणजे येशूबद्दलचं पुस्तक) १८ व्या अध्यायातल्या तुटक्या ओळी, येशूला पिलात या रोमन सुभेदारापुढे उभं केलंय तो प्रसंग. अभ्यासक याला पी ५२ म्हणतात. १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या ढिगात तो होता, आणि १९३५ मध्ये कॉलिन रॉबर्ट्सने तो छापला तेव्हा खळबळ उडाली, कारण त्याआधी जर्मनीतले काही पंडित म्हणायचे की योहानाचं शुभवर्तमान पार दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलं गेलं, आणि रॉबर्ट्स म्हणाला की ही नक्कलच दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. म्हणजे मूळ पुस्तक त्याच्याही आधीचं, आणि तेही इजिप्तपर्यंत पोचलेलं.

पण त्याने हे ठरवलं कशावरून? फक्त अक्षरावरून. त्या काळी करारपत्रं, कराच्या पावत्या, सरकारी अर्ज यांवर अमुक सम्राटाचं अमुक वर्ष अशी तारीख असायची, पण पुस्तकाची नक्कल करणारा सहसा तारीख टाकत नसे. मग तारीख असलेल्या कागदांमधलं अक्षर शेजारी ठेवायचं आणि वळण जुळतंय का ते बघायचं. ही पद्धत वाईट नाही, पण त्यातून वर्ष निघत नाही, मोठा पट्टा निघतो. एकच माणूस ४०-५० वर्षं एकाच वळणाने लिहितो (आजोबा!), आणि काही वळणं तर पिढ्यानपिढ्या चालतात. लोकप्रिय पुस्तकांत मात्र पी ५२ समोर बिनधास्त 'इ.स. १२५' छापलं जातं, जणू कोपऱ्यात शिक्काच आहे. २००५ मध्ये ब्रेंट नाँगब्री या अभ्यासकाने सगळी तुलना पुन्हा करून दाखवलं की दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याची सुरुवातही धरावी लागेल. मला त्याचं म्हणणं पटतं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडला अशीही एक हूल २०१२ मध्ये उठली होती. सहा वर्षांनी तो तुकडा रीतसर छापून आला तेव्हा तारीख निघाली दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याची सुरुवात. झालं, संपली बातमी.

इथे एक घोळ नेहमी होतो. नक्कल कधीची हा प्रश्न वेगळा आणि मूळ मजकूर कधीचा हा वेगळा. मजकुराचं वय आतून काढावं लागतं. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल करिंथ शहरात असताना त्याला गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यापुढे उभं केलं असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, आणि ग्रीसमध्ये डेल्फीला सम्राट क्लॉडियसचा एक शिलालेख सापडला ज्यात याच गल्लियोचं नाव आहे, त्यावरून त्याची नेमणूक इ.स. ५१ च्या आसपासची ठरते. झाली एक खुंटी पक्की, आता पौलाचा बाकीचा प्रवास तिच्या मागेपुढे टांगता येतो. पौलाच्या नावाची पत्रं १३ आहेत, त्यातली ७ खुद्द त्याची यावर जवळपास एकमत आहे, बाकीच्यांवर भाषा आणि विचारांच्या फरकावरून वाद चालू आहेत.

बरं, पण अक्षरावर भरवसा नसेल तर सरळ कार्बन डेटिंग का करत नाहीत, असं कुणीही विचारेल. करतात की. आणि त्याने काय होतं ते बघायचं तर १८ सप्टेंबर २०१२ ला रोमला जावं लागेल. कॉप्टिक भाषेच्या अभ्यासकांच्या परिषदेत हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग यांनी साधारण ४ बाय ८ सेंटिमीटरचा एक तुकडा जाहीर केला. कॉप्टिक म्हणजे इजिप्तची जुनी भाषा, ग्रीक अक्षरांत काही जादा अक्षरं घालून लिहिलेली. चौथ्या ओळीत होतं, 'येशू त्यांना म्हणाला, माझी बायको', आणि पुढे तुकडा फाटलेला! नेमका तिथेच. जगभर हेडलाइन झाल्या. मालकाने नाव सांगू नका म्हटलेलं होतं.

मग लॅबचे रिपोर्ट आले, २०१४ मध्ये. एका लॅबने पपायरसचं वय सांगितलं इसवी सनाच्या आधी ४०४ ते २०९, म्हणजे येशूच्या जन्माच्याही दोनशे-चारशे वर्षं आधी. नमुन्यात काहीतरी मिसळलं असणार म्हणून पुन्हा केलं तर निघालं इ.स. सातवं ते नववं शतक. शाई तपासली तर काजळीची, जुन्या काळी असायची तशीच. बऱ्याच जणांनी याचा अर्थ लावला की चला, खरा निघाला. पण कार्बन डेटिंग सांगतं ते पपायरसचं झाड कधी कापलं एवढंच, त्यावर कुणी कधी लिहिलं ते नाही. जुन्या पपायरसचे कोरे तुकडे मिळवता येतात, आणि काजळी काय, दिव्यावर वाटी धरली की तयार.

चोरी पकडली ती व्याकरणाने. डरहॅम विद्यापीठाच्या फ्रान्सिस वॉटसन यांनी पहिल्या काही दिवसांतच दाखवलं की या तुकड्यातले जवळपास सगळे शब्द थॉमसच्या शुभवर्तमानातून उचलून इकडचे तिकडे चिकटवलेत. हे पुस्तक १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ पुरलेल्या पोथ्यांत मिळालं, कॉप्टिकमधली पूर्ण प्रत तेवढी एकच. आता पहिली ओळ बघा: 'माझ्या आईने मला जीवन दिलं.' कॉप्टिकमध्ये इथे 'जीवन' या कर्माआधी 'म' हे अक्षर लागतं, आपल्या 'ला'सारखं काम करणारं. 'रामाने रावणाला मारलं' ऐवजी कुणी 'रामाने रावण मारलं' लिहिलं तर जसं खटकेल तसं तो 'म' नसला की खटकतं. तुकड्यात तो नाहीये. आणि मायकेल ग्रॉन्डिन नावाच्या थॉमसप्रेमी माणसाने २००२ मध्ये नेटवर टाकलेल्या पीडीएफमध्ये, शब्दाखाली इंग्रजी अर्थ दिलेल्या, नेमका त्याच जागी तोच 'म' टाइप करायचा राहून गेला होता. अँड्र्यू बर्नहार्ड यांनी हे जुळवून दाखवलं. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघून त्याच्या चुकीसकट उतरवणारा पोरगा आठवला मला.

उरलंसुरलं काम ख्रिश्चन आस्कलंड यांनी केलं. त्याच मालकाकडून योहानाच्या शुभवर्तमानाचाही एक कॉप्टिक तुकडा आला होता, तोच हात, तशीच शाई. आस्कलंडनी ओळखलं की हा १९२४ मध्ये हर्बर्ट थॉम्पसनने छापलेल्या एका जुन्या पोथीच्या पुस्तकातून उतरवलाय, एक ओळ सोडून एक ओळ, आणि ओळ तुटते ती पण तिथेच. वर ज्या बोलीत तो लिहिलाय ती बोली सहाव्या शतकाच्या आसपास लिहायची बंद झालेली, आणि पपायरस कार्बनच्या हिशोबाने त्यानंतरचा. म्हणजे ज्या रिपोर्टला लोक पुरावा समजत होते तोच उलटला.

२०१६ मध्ये एका पत्रकाराने मालकाचा माग काढला, तो निघाला फ्लोरिडातला, एके काळी बर्लिनला इजिप्तविद्या शिकलेला. त्याने बनावटीचा आरोप नाकारला. पण किंगबाईंनी मान्य केलं की आता पारडं बनावटीच्याच बाजूला झुकतंय. इतकी वर्षं त्यांनी शाई तपासली, पपायरस तपासला, तुकडा कुठून आला याची मात्र मालकाच्या सांगण्यापलीकडे जाऊन नीट चौकशी केली नव्हती.