चिमणीचा पाइप (स्वयंपाकघर)

शेगडीवरचा धूर, वाफ आणि तेलाचे कण घराबाहेर नेणारी नळी. असा पाइप मायक्रोवेव्हलाही लागतो का, हा प्रश्न पडतो, कारण अमेरिकेत धूर ओढायचे काम बरेचदा मायक्रोवेव्हकडेच असते. तिथे शेगडीच्या वर टांगायचा, पोटात पंखा असलेला, साधारण ३० इंच रुंदीचा मायक्रोवेव्ह मिळतो. त्याची हवा पाइपातून बाहेर सोडता येते किंवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत घेता येते. तो बहुधा दुसऱ्या पद्धतीवर लावूनच येतो. बाहेर काढायची तर आतल्या पंख्याचे तोंड फिरवावे लागते. नुसता पाइप जोडून भागत नाही. या हवेचा मायक्रोवेव्हच्या लहरींशी काही संबंध नसतो. त्या धातूच्या कप्प्यात कोंडलेल्या असतात आणि बटण बंद होताच संपतात.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये मायक्रोवेव्ह ओट्यावर नाहीतर फर्निचरच्या कप्प्यात असतो. त्याला पाइप लागत नाही, मागे आणि वर थोडी मोकळी जागा पुरते. धूर ओढायला वेगळी चिमणी असते.

बिनपाइपाच्या चिमणीतला कोळशाचा फिल्टर वास काही प्रमाणात शोषतो. वाफ आणि उष्णता मात्र घरातच राहते. मिरचीच्या फोडणीचा ठसका एकवेळ निभेल, पण सुके बोंबील भाजले की बिनपाइपाच्या चिमणीची परीक्षा होते आणि ती सहसा नापास होते. आगरी-कोळी घरांना हे सांगायला नको.

पाइप सहसा ६ इंच व्यासाचा, घड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पीव्हीसीचा असतो. भिंतीत आधीच ४ इंची भोक आहे म्हणून पाइप बारीक करणे ही नेहमीची चूक. ४ इंची तोंडाचे क्षेत्रफळ ६ इंचीच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ४४ टक्के भरते. मग मोटर ओरडते, धूर तिथेच. प्रत्येक वळणानेही ओढ घटते. त्यामुळे खोक्यावर ताशी १,२०० घनमीटर छापलेले असले तरी लांब, वाकड्या पाइपातून तेवढी हवा जात नाही.

भोक कोअर कटिंगने, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या यंत्राने, विटांच्या भिंतीत पाडतात. बीम किंवा कॉलमला हात लावायचा नसतो. सोसायटीची परवानगी आधी घेतलेली बरी. भिंत फोडायची नसेल तर सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे भोक पाडलेला पत्रा बसवतात. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या मागच्या बाजूला अशा चंदेरी नळ्या मजल्यामागून मजला दिसतात. काही जण पाइप ड्राय बाल्कनीतच, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या छोट्या बाल्कनीत, सोडून देतात. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांना फोडणीचा वास लागतो, आणि बाल्कनी बंदिस्त असेल तर धूर मागच्या दाराने परत घरात शिरतो.

खिडक्या गच्च लावून चिमणी चालवू नये. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी कुठून तरी हवा येणारच. जवळ गॅस गिझर असेल तर त्याचा जळका वायूही आत खेचला जाऊ शकतो.

पावसाळ्यासाठी पाइपाला बाहेरच्या दिशेने किंचित उतार देतात आणि तोंडावर झडपेचे झाकण बसवतात. झाकण नसेल तर कबुतरे घरटे करतात. नाव चिमणीचे, बिऱ्हाड कबुतराचे. जाळी लावली तर तीही अधूनमधून उघडावी लागते, कारण तिच्यावर आणि पाइपाच्या घड्यांत मधासारखे तपकिरी, चिकट तेल साचते आणि ते पेट घेऊ शकते.