सावलीसाठी वृक्षनिधी (पुण्यातील शाळा व तरुण मंडळे)

शाळा, तालीम, क्रीडांगण, स्काउट-गाइड पथक किंवा गणेश मंडळ यांच्या आवारात सावलीची झाडे लावण्यासाठी आणि ती स्वतःच्या मुळांवर तगेपर्यंत सांभाळण्यासाठी उभा केलेला पैसा म्हणजे वृक्षनिधी. व्याख्येचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. रोपाची किंमत एकूण खर्चात किरकोळ असते. खरा खर्च असतो तो पुढच्या तीन उन्हाळ्यांचा. देणगीदाराला रोप दिसते, फलक दिसतो, मे महिन्यातली बादली दिसत नाही.

जागा निवडताना आधी ऊन पाहावे लागते. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि झाडाची सावली बुंध्याभोवतीच पडते. वर्ग तापतात ते कलत्या उन्हाने. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असतो; तेव्हा ८ मीटर उंच झाडाची सावली पूर्वेकडे ९-१० मीटर लांब जाते. म्हणून वर्गखोल्यांसाठी झाडे पश्चिमेच्या भिंतीपासून ४-५ मीटरवर लावतात, तर सकाळच्या प्रार्थनेच्या मैदानासाठी पूर्वेच्या कडेला. डबा खायच्या पाराला मात्र झाड डोक्यावरच हवे. कुंपणालगत हारीने रोपे लावण्याची सवय सोयीची खरी, पण त्यातली निम्मी सावली शेजारच्या रस्त्यावर पडते.

झाड कोणते, याचे उत्तर मार्च ते मे या काळात पाने कोणाला असतात यावर ठरते. बहावा फुलांनी लगडतो तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतो. पळस, पांगारा, काटेसावर यांचेही तेच. शोभेला उत्तम, सावलीला निरुपयोगी. कडुनिंब पाने झाडतो, पण उन्हाचा कडाका वाढेपर्यंत नवी पालवी धरतो. करंजही तसाच, शिवाय मुरमाड जमिनीत टिकणारा. बकुळ सदाहरित आणि दाट, पण वाढ संथ. जिथे दहा वर्षे थांबायची तयारी आहे तिथे बकुळीला तोड नाही. जांभळाची सावली गार, मात्र जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा फरशी आणि गणवेश दोन्ही जांभळे होतात. वड-पिंपळ इमारतीपासून आणि ड्रेनेजपासून बरेच लांब, मोकळ्या मैदानातच. गुलमोहर लवकर वाढतो म्हणून मागणी असते. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असल्याने वळवाच्या वादळात फांदी खाली येते, त्यामुळे मुले बसतात तिथे तो नकोच.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत. मोठ्या झाडासाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल. निदान दोन फूट तरी. टेकडीच्या उतारावरच्या शाळांत हातभर खाली कठीण मुरूम किंवा कातळ लागतो. तिथे नुसता चौकोनी खड्डा भरला की त्याचा हौद होतो, पावसाळाभर पाणी साचते आणि मुळे कुजतात. पहारीने तळ फोडून पाणी खाली उतरते का हे बादलीभर पाणी ओतून पाहणे हा सोपा उपाय. भरताना पोयट्याची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड पुरते. ताजे शेण घातले तर वाळवी येते. रोप दीड-दोन मीटर उंच असले तरी पिशवीच्या तळाशी मुळे गोल गुंडाळलेली नाहीत हे पाहून घ्यावे, आणि लावताना पिशवी फाडून काढावी. मेलेले रोप उपटल्यावर काळी प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी हातात येते, हे कार्यक्रमी वृक्षारोपणात हमखास आढळणारे दृश्य.

पाण्याचा हिशोब वाटतो तेवढा भीतिदायक नाही. २५ रोपांना प्रत्येकी २० लिटर, आठवड्यातून तीनदा, म्हणजे आठवड्याला १५०० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सतरा आठवड्यांत सुमारे २५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. कमी पडतो तो पाणी घालणारा हात. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच शाळेला सुट्टी, मुले गावी आणि हरित सेनेचे (शाळेतल्या पर्यावरण गटाचे) शिक्षकही बाहेर. म्हणून अंदाजपत्रकात सेवक किंवा वॉचमन यांचे सुट्टीतले मानधन स्वतंत्र ओळीत मांडावे आणि ते महिन्याच्या शेवटी, जिवंत रोपे मोजून द्यावे. आळ्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरला तर पाण्याची एखादी पाळी वाचते. तो बुंध्याला मात्र टेकू देऊ नये.

पैशाचे मार्ग अनेक आहेत: माजी विद्यार्थी, मंडळाची वर्गणी, लोकप्रतिनिधींचा निधी, महापालिकेच्या उद्यान विभागाकडून किंवा सामाजिक वनीकरण विभागाकडून मिळणारी रोपे. मोठी रक्कम बहुधा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम यावर खर्चावी लागते. काम राबवणाऱ्या संस्थेकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटीला त्यासाठी आयकर खात्याची १२अ (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रे. साध्या मंडळाकडे ती नसतात, तेव्हा एखाद्या नोंदणीकृत न्यासाला सोबत घ्यावे लागते.

अडचण वेळापत्रकाची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे शिल्लक रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळी होते आणि ‘लगेच लावा’ असा निरोप येतो. मार्चमध्ये लावलेले कोवळे रोप थेट उन्हाच्या तोंडी जाते. अशा वेळी त्या पैशातून खड्डे, पाण्याची टाकी, पाइप आणि जाळ्या कराव्यात व रोपे जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर लावावीत. त्याहून बरे म्हणजे कंपनीने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदवणे. मग न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात वळवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तीन उन्हाळे त्यात बसतात.

खणण्याआधी जागेचा मालक कोण हे कागदावर पाहावे. महापालिकेच्या मोकळ्या जागेवरच्या मंडळाला उद्यान विभागाची लेखी संमती हवी. शाळेत व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मंजूर नकाशा हवा. नव्या वर्गखोल्यांच्या जागेवर झाड वाढले, तर ते स्वतःच्या आवारात असूनही १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही. महावितरणच्या तारांखाली उंच झाड लावले, तर दर पावसाळ्याआधी त्याचा शेंडा छाटला जाणार हे ठरलेले.

आधाराची काठी सुतळीने, इंग्रजी आठच्या आकाराची सैल गाठ मारून बांधतात. तार वापरली की ती सालीत रुतते. लोखंडी जाळीचेही तसेच: तिसऱ्या-चौथ्या वर्षी बुंधा जाळीला टेकायच्या आत ती कापून काढावी लागते, आणि तिच्यावरच देणगीदाराचा फलक असल्याने ती काढायला कोणी धजत नाही. फलक पहिल्यापासून भिंतीवर लावलेला बरा.