पाणी न गळणारी, पण पाणी पिणारी डबी

कोकणात लाकडी होडीच्या फळ्यांमधील सांध्यांत कापूस ठोकून त्यावर तेलात कालवलेली राळ भरण्याची जुनी रीत आहे. तिथे फट बुजली की काम झाले. थ्रीडी प्रिंटरवर रेझिनपासून, म्हणजे एका कृत्रिम राळेपासूनच, केलेल्या नमुन्यात अशी फट सहसा नसतेच, कारण चक हल यांना १९८६ मध्ये पेटंट मिळालेल्या या पद्धतीत प्रकाशाने घट्ट होणारे, जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचे थर एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले जातात. तरीही असा नमुना पाण्यात बिघडतो, कारण तो गळत नसला तरी पाणी पितो.

या छपाईत सहसा वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलेट रेझिनच्या रेणूंच्या जाळ्यात पाणी शिरले की जाळे सैलावते आणि वस्तू फुगून मऊ पडते. वजनाच्या एक टक्का पाणी शोषले गेले, तर १०० मिलिमीटर लांबीची बाजू ढोबळमानाने ०.३ मिलिमीटरने वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण जयगडच्या खाडीतील क्षारता मोजण्यासाठी मी केलेल्या डबीचे झाकण आठवडाभर बादलीत राहिल्यावर एका कोपऱ्यात उचलले गेले आणि ओ-रिंग, म्हणजे झाकणाखालचे रबरी कडे, शाबूत असूनही आत पाणी आले. (बादलीत नळाचे पाणी होते, हेही सांगायला हवे, खारे पाणी तुलनेने कमी शोषले जाते.)

म्हणून नमुन्यावर पाणी अडवणारा लेप द्यावा लागतो, आणि त्याची तयारी धुण्यापासूनच होते. नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून, अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो, कारण अर्धकच्चे रेझिन अधिक पाणी पिते. पोकळ भागात अडकलेले द्रव रेझिन तर पुढे कवचाला तडेही पाडते. त्यानंतर इपॉक्सीचे, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचे, दोन पातळ हात द्यावेत. आषाढात मात्र हे काम जिकिरीचे होते. इपॉक्सीतील अमाइन हार्डनर (तिला घट्ट करणारा घटक) दमट हवेतील बाष्पाशी व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो, पृष्ठभागावर मेणचट साय धरते आणि दुसरा हात तिच्यावर बसत नाही. ही साय कोमट पाण्याने पुसून, पृष्ठभाग वाळल्यावर पॉलिश पेपर मारणे भाग पडते. पॉलियुरेथेन वापरले तर बाष्पामुळे लेपात वायूचे बुडबुडे उठतात. म्हणून मी बल्ब लावलेल्या बंद पेटीत लेप सुकवतो.

लेपाने शोषण मंदावते, पुरते थांबत नाही. म्हणून नमुना बुडवण्यापूर्वी आणि नंतर रोज, सोनाराकडे असतो तशा बारीक काट्यावर तोलावा. वजन झपाट्याने वाढले, तर लेपात कुठेतरी सुईएवढे छिद्र राहिलेले असते, आणि ते बहुधा छपाईवेळी नमुन्याला धरून ठेवणारे आधार तोडले त्या जागी सापडते.